गिऱ्हाईक दिसत नाही, तरी जुन्या वस्तूंची दुकानं चालतात कशी?

बुधवार_रविवार

पुण्यातला जुना बाजार असो की मुंबईत चोरबाजारातला मटण स्ट्रीट, एखाद्या दुकानासमोर तासभर उभं राहिलं की साधारण हेच दिसतं. चार माणसं आत शिरतात. दोघं फोटो काढतात, एक ग्रामोफोनचा भाव विचारून निघून जातो, चौथा रॉकेलच्या दिव्याची पाचशेची चिमणी दोनशेला मागतो. मालक पेपर वाचत बसलेला. आत मात्र छतापर्यंत माल रचलेला, आणि दुकान तीस-चाळीस वर्षं त्याच जागी.

हा हिशेब जुळतो कसा? महिन्याला किती विकलं की भागतं? माल येतो कुठून, नकली किती असतो, आणि कायद्याच्या भानगडी किती? ‘आवड पाहिजे’ छापाची उत्तरं नकोत, आकड्यांत सांगा.

पगडीवाला

आकड्यांतच सांगतो. १८० चौरस फुटांचं दुकान धरा, एक मदतनीस. वीज अडीच हजार, मदतनिसाचा पगार १५ हजार, टेम्पो-हमाली ५ हजार, किरकोळ ३ हजार. राहिलं भाडं. दुकान जुन्या पगडीचं (पूर्वी एकरकमी पैसे देऊन घेतलेलं, नाममात्र भाड्याचं) असेल तर ते अठराशे रुपयांत बसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे त्यात वर्षाला ४ टक्केच वाढ करता येते. तेवढीच जागा आज लीव्ह-लायसन्सवर घेतली तर समजा ४० हजार. मालकाच्या घरखर्चाला ४५ हजार धरा.

पगडीच्या दुकानाला महिन्याला ७२,३०० रुपये नफा लागतो, भाड्याच्या दुकानाला १,१०,५००. वस्तू आपल्याला जेवढ्याला पडली त्याच्या सरासरी दुप्पट भावाने जाते असं धरलं, तर पहिल्याची विक्री १ लाख ४५ हजार हवी, दुसऱ्याची २ लाख २१ हजार. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचे साडेपाच हजार विरुद्ध साडेआठ हजार. तुम्हाला दिसतात ती जुनी दुकानं बहुतेक पहिल्या गटातली. दुसऱ्या गटातली तीन वर्षांत बंद पडतात, त्यामुळे ती तुमच्या नजरेतच येत नाहीत.

आता हे १ लाख ४५ हजार कसे येतात ते बघा. साधारण ४५० रुपयांचे ९० नग म्हणजे ४०,५००. अडकित्ते, पितळी डबे, इनॅमलची टमरेलं, सोड्याच्या गोटीच्या बाटल्या, जुन्या जाहिरातींचे पत्रे. साडेपाच हजारांच्या आसपासचे ८ नग म्हणजे ४४ हजार. समई, भिंतीवरचं घड्याळ, घंगाळ. मोठी वस्तू महिन्याला एकच, ३५ हजारांची. उरलेले २५ हजार भाड्याने दिलेल्या वस्तूंचे.

यातले दारातून आलेल्या गिऱ्हाइकाचे फक्त पहिले ४० हजार. बाकीचा व्यवहार फोनवर होतो. प्रत्येक दुकानदाराच्या फोनमध्ये चाळीस-पन्नास नंबर असतात. एकाला फक्त कुलपं हवी असतात, दुसऱ्याला कंदील, तिसरी बाई आर्किटेक्ट आणि तिला जुने दरवाजे लागतात. वस्तू आली की फोटो आधी त्यांना जातो, दुकानात मांडली जाते नंतर. मांडलेला माल म्हणजे या चाळीस जणांनी नाकारलेला माल, हे लक्षात ठेवलंत तर घासाघीस करायलाही सोपं जाईल.

मठार

वरच्या हिशेबात एक गोष्ट राहिली: मोडीचा, म्हणजे भंगाराचा, भाव. या धंद्यातला सगळ्यात मोठा विमा तो. पितळ-तांब्याची वस्तू कितीही पडून राहिली तरी मोडीच्या भावाखाली जात नाही. म्हणून खरेदी नगावर होत नाही, वजनावर होते. समजा पितळेची मोड ५०० रुपये किलो आहे. सहा किलोची समई म्हणजे ३ हजार तळाला पक्के. साडेतीन हजारांना घेतली आणि दोन वर्षं विकली गेली नाही, तरी बुडाले पाचशे. चिनी मातीच्या बरणीचं तसं नाही. तडा गेला की शून्य. नवशिका दुकानदार काच, चिनी माती आणि फोटोफ्रेमा भरून ठेवतो. जुना माणूस धातू भरतो.

मोडीचा भाव द्यायचा तर वस्तू उलटी करून बघायचीच. समईच्या बैठकीत, मूर्तीच्या पोटात लाख, माती नाहीतर शिसं भरलेलं असतं. बोटाने टिचकी मारा. पोकळ पितळ वाजतं, भरलेलं बद्द आवाज करतं. घंगाळाच्या कड्या लोखंडी असतील तर तेवढं वजन वजा.

समईच्या जुनेपणाची खूण आट्यांत असते. बैठक, खांब, तेलाची वाटी आणि वरचा मोर किंवा हंस हे भाग एकमेकांत फिरवून बसवायचे असतात. हाताने पाडलेले आटे ज्याचे त्यालाच बसतात. दुसऱ्या समईचा खांब लावला तर दीड फेऱ्यात अडकतो नाहीतर लडबडतो. चारही भाग सहज घट्ट बसले, आणि शेजारच्या समईचेही तितकेच सहज बसले, तर ते यंत्रावरचे, म्हणजे अलीकडचे. आणखी एक. रोज वापरातल्या समईच्या वाटीच्या कडा, जिथे वाती टेकतात तिथे, गुळगुळीत झिजलेल्या असतात. नव्याला जुनं दाखवायला ॲसिड लावतात. ओल्या फडक्याने पुसलं की हिरवट-निळी भुकटी फडक्यावर उतरते. खरा तपकिरी थर असा सुटत नाही.

पाणी तापवायचा बंब घेताना पाणी भरूनच घ्या. मधल्या नळ्याच्या तळाशी, जिथे निखारे लागतात, तिथे पत्रा पातळ होऊन टाचणीएवढी भोकं पडतात. डाग देऊन ती बुजतात, पण आत परत विस्तव घातला की डाग वितळतो. शोभेला किंवा झाड लावायला म्हणून विकायचा असेल तर काही हरकत नाही, वापरायला म्हणून विकू नका. पुण्यात तांबट आळीत चेपलेला पत्रा मठारून, म्हणजे हातोडीने ठोकून सारखा करून, मिळतो. चेप गेल्यावर वस्तू मोडीतून दुकानात जाते. दुप्पट भाव मिळतो तो या कामाचा.

माल कुठून येतो? वाडे पाडणारे ठेकेदार, भंगारवाले, रद्दीवाले, बोहारणी, आणि घर बदलणारी कुटुंबं. शेवटच्यांकडून घेताना ‘सरसकट’ घ्यावं लागतं. कपाट हवं म्हणून कपाटच उचललं तर घरचे सावध होतात आणि कपाटाचा भाव तिप्पट सांगतात. माळा रिकामा करून देतो म्हटलं की सगळं एका आकड्यात मिळतं. त्यातलं साठ टक्के त्याच संध्याकाळी भंगारात घालायचं, म्हणजे टेम्पोचं भाडं सुटतं. फिरून माल आणणाऱ्या माणसाला पैसे उभ्या-उभ्या रोख द्या. उधारी ठेवली की पुढच्या वेळी तो आधी शेजारच्या दुकानात जातो, आणि तुमच्याकडे येतो तो उरलेला माल घेऊन.

दोन_किल्ल्या

घड्याळं आणि ग्रामोफोनबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच.

दुकानात समोरच ठेवलेला, मोठ्या पितळी कर्ण्याचा, चकचकीत ग्रामोफोन जवळपास नेहमी नवा जुळवलेला असतो. मोटर जुन्या पेटीसारख्या पोर्टेबल ग्रामोफोनमधून काढलेली, पेटी नवी, बहुधा षटकोनी किंवा नको तितकं कोरीवकाम केलेली, कर्णा पातळ पितळेचा. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कुत्र्याचा छाप चिकटवलेला. ओळखायचं कसं? कर्ण्याचं कोपर बघा. नकलीत ते ओबडधोबड नळीचं, आणि सुईच्या हाताला जोडताना खाली कुठेतरी वॉशर नाहीतर चिंधी कोंबलेली असते. चालू करून ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) रेकॉर्ड लावा. मध्यापर्यंत जाताना सुई आपोआप घसरायला किंवा अडकायला लागली तर हाताची लांबी आणि पेटीचा मेळ नाही. तो सुधारतही नाही.

दिवाणखान्यात ठेवायला म्हणून ही वस्तू विकण्यात गैर काही नाही. बिलावर ‘नवीन, शोभेची’ लिहा. ‘शंभर वर्षांचा’ असं लिहिलंत की फसवणूक. आणि खरा ग्रामोफोन विकताना पोलादी सुयांची डबी सोबत द्या आणि सांगा, एक सुई रेकॉर्डच्या एका बाजूलाच. लोक तीच सुई महिनाभर वापरतात, रेकॉर्ड करवतल्यासारखी होते आणि ओरडतात दुकानदाराच्या नावाने.

भिंतीवरच्या आठवड्याच्या चावीच्या घड्याळाला दोन भोकं असतात, एक चालीचं, दुसरं ठोक्यांचं. चोरबाजारातून ‘बंद’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या घड्याळांत बरीचशी बिघडलेली नसतातच. ती तिरकी टांगलेली असतात. लंबक हलवून कान द्या. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं हवं. लंगडत असेल, म्हणजे टिक-टॉक... टिक-टॉक, तर पेटीचा तळ खिळ्यावरच किंचित डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा. आवाज सारखा झाला त्या जागी भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि चालू आणि बंद घड्याळाच्या भावात सहज दुपटीचा फरक पडतो.

तरी थांबत असेल तर पितळी पत्र्यांतली भोकं बघा, जिथे चाकांचे आस बसतात. झिजून ती लांबट झाली असतील तर भोकात बुश (बारीक पितळी नळी) बसवावा लागतो. काळं, घट्ट तेल साचलं असेल तर यंत्र सोडवून धुवायचं, मग फक्त आसाच्या टोकांना घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब. दात्यांना तेल नाही. खोबरेल तर अजिबात नाही. थंडीत ते थिजतं आणि डिसेंबरात गिऱ्हाईक घड्याळ परत आणतं. सोडवण्याआधी स्प्रिंगचा ताण उतरवायलाच हवा. भरलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोट फुटतं आणि चाकाचे दात झडतात.

आतलं यंत्र काढून सेलवरचं बसवलेलं असेल तर ती फक्त पेटी. पेटीचा भाव द्या.

पावती_पाहिजे

कायद्याचं थोडं कंटाळवाणं, पण दुकानं बंद पडतात ती यानेही.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा. लागू झाला ५ एप्रिल १९७६ ला. शंभर वर्षं झालेली शिल्पं, नाणी, चित्रं, कारागिरीच्या वस्तू या कायद्याने पुरावस्तू ठरतात. हस्तलिखितं आणि ऐतिहासिक महत्त्वाचे कागद यांना ७५ वर्षंच पुरतात. जुन्या बाजारात किलोवर मिळणारे मोडी लिपीतले कागद यात येऊ शकतात, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि दगडी-धातूची शिल्पं, लघुचित्रं यांसारख्या प्रकारांची नोंदणी करावी लागते. लहान दुकानदार काय करतात? शंभराच्या आतला मालच ठेवतात. १९३० ते १९७० मधला. त्याला परवाना लागत नाही आणि मागणीही त्यालाच जास्त आहे.

पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. परदेशातली मराठी मंडळी डिसेंबर-जानेवारीत येतात आणि आजीच्या घरासारखी समई न्यायची म्हणतात. वस्तू नवी असली तरी दिसायला जुनी असेल तर विमानतळावर अडते. अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधी काढून घ्यायचा. त्याला वेळ लागतो. उद्या विमान असलेल्या माणसाला ती विकू नका.

हस्तिदंत, चितळाची-सांबराची शिंगं, कातडी, कासवाच्या पाठीचे कंगवे: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. ‘आजोबांच्या काळचं आहे’ ही सबब चालत नाही. वारशाने आलेलं मालकीपत्रासह घरात ठेवता येतं, विकता येत नाही. सरसकट घेतलेल्या मालात चाकूच्या मुठी, बुद्धिबळाच्या सोंगट्या, पेटीवरची नक्षी अशा रूपात हस्तिदंत येतं. भिंगातून बारीक काळे ठिपके दिसले तर हाड, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा दिसल्या तर हस्तिदंत. दुसरं असेल तर घेऊच नका.

जमिनीत सापडलेली नाणी घेऊन कोणी आलं तर तेही नाही. दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असं १८७८ चा कायदा सांगतो. तो दहाचा आकडा अजून तसाच आहे. देवळातल्या मूर्ती, प्रभावळी, मुखवटे यांच्यापासून लांब राहा. चोरीचा माल घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं. म्हणून खरेदीची वही हवीच: तारीख, वस्तू, वजन, देणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची झेरॉक्स, आणि वस्तूचा फोटो. देणारा ओळखपत्र द्यायला का-कू करतो तो माल सोडून द्यायचा.

जीएसटी. फक्त वस्तू विकत असाल, तेही राज्यातल्या राज्यात, तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. ‘पगडीवाला’ यांच्या हिशेबातलं दुकान साडेसतरा लाखांचं, म्हणजे बिनधास्त. पण त्यांनी त्यात वस्तू भाड्याने देणं धरलंय. भाडं ही सेवा, आणि मग मर्यादा २० लाखांवर येते. बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला एक खुर्ची पाठवली तरी आंतरराज्य विक्री म्हणून उलाढाल न बघता नोंदणी लागते.

नोंदणी झाल्यावर दोन वाटा. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला नियम ३२(५) प्रमाणे फक्त फरकावर कर भरता येतो. अट अशी की खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसावी आणि वस्तूचं रूप बदललेलं नसावं. कपाट दहा हजारांना घेऊन अठराला विकलं तर ८ हजारांवर १८ टक्के, म्हणजे १,४४०. दुसरी वाट कंपोझिशन, म्हणजे लहान व्यापाऱ्यांची सरसकट कराची योजना, विक्रीवर १ टक्का: त्याच कपाटाला १८०. पण तो आपल्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही, आणि राज्याबाहेर विकायचं नाही. गल्लीतल्या गल्लीत विकणाऱ्याला दुसरी वाट स्वस्त. इन्स्टाग्रामवरून देशभर विकणाऱ्याला ती बंद.

बुधवार_रविवार

मोडीच्या भावाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. भाड्याने देण्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का? आणि फर्निचर: जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात तर भाडी भरूनही दुकानं चालतात, मग पगडीचा नियम तिथे कसा लागू होईल?

सेटवर_हजर

सिनेमा-मालिकांच्या सेटला वस्तू भाड्याने द्यायचं गणित उलटं चालतं. विकायला एकुलती एक वस्तू बरी, भाड्याला संख्या लागते. कोरीव सिंहासन वर्षातून दोनदा जातं. इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या एकसारख्या बारा खुर्च्या आणि चार संगमरवरी टेबलं महिन्यातून दोनदा. तसंच जुने टेलिफोन, टाइपरायटर, व्हॉल्व्हचे रेडिओ, लोखंडी ट्रंका, सरकारी कचेरीतली लाकडी कपाटं. चालू असण्याची गरज नाही. रेडिओत आत बल्ब पेटला की पडद्यावर तो चालू.

दर साधा ठेवावा. पहिल्या दिवसाला विक्रीच्या किमतीच्या १० टक्के, पुढच्या प्रत्येक दिवसाला ५. पाच दिवसांत ३० टक्के सुटतात. अनामत पूर्ण किमतीएवढी. त्यावर वाद होतो, पण सोडायची नाही. चलनावर (माल दिल्याच्या पावतीवर) नग, जुने ओरखडे आणि आधीची मोडतोड लिहायची, सही घ्यायची, देताना आणि घेताना चारही बाजूंचे फोटो. वस्तू नेणारा मुलगा आणि परत आणणारा मुलगा कधीच एक नसतो. आणि भाडं माल परत येईल त्या दिवशीच. ‘ऑफिसात बिल पाठवा’ म्हटलं की तीन महिने गेले.

एक गोष्ट लक्षात ठेवा, सेटवर रंग मारतात. कळकट दाखवायला काळा-तपकिरी रंग फवारतात आणि ‘धुऊन जाईल’ म्हणतात. पत्र्यावरून जातो, वेताच्या विणीतून आणि पॉलिशवरून जात नाही. चलनावर ‘रंग, गोंद, खिळे नाहीत’ ही ओळ छापूनच घ्या.

दोन_किल्ल्या

ओशिवऱ्याची मोठी दुकानं बरीचशी लाकडाचे कारखानेच आहेत हो. जुनं सागवान उघडून नवीन माप, नवीन रूप. जुन्या दाराचं टीपॉय, तुळईचा बाक. त्यांचं उत्पन्न वस्तूच्या वयावर चालत नाही, सुतारकामावर चालतं. म्हणून भाडं परवडतं.

मठार

बरोबर. आणि लाकडालाही एक तळ आहे, मोडीसारखाच: बर्मा सागवान घनफुटाने विकलं जातं. वाड्याच्या तुळया, खांब, चौकटी त्याच मापाने उचलतात. शिसवी कपाट विकलं गेलं नाही तर फळ्यांचे पैसे येतात. प्लायवुडच्या मागच्या पाटीचं काहीच येत नाही, म्हणून कपाट आधी मागून बघायचं.

खण पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यातले दाताळलेले सांधे हाताने कापलेले असतील तर थोडे कमी-जास्त असतात. सगळे एका मापाचे म्हणजे यंत्र. खणाच्या खालच्या कडा घासून तिरक्या झालेल्या हव्यात. वर घासलेलं दिसतं आणि खाली कडा कोऱ्या, तर घासपेपर फिरवलेला आहे. भुंग्याची बारीक भोकं दिसली तर घाबरू नका, भोकं जुनीही असतात. खाली काळा कागद घालून पंधरा दिवस ठेवा. पिवळसर पीठ पडलं तर कीड जिवंत. मग इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात औषध, आणि ती वस्तू बाकी मालापासून वेगळी. एका कपाटाने आख्खं गोदाम पोखरलं जातं.

पॉलिश चपडा लाखेचंच. लिटरभर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळायचा, आणि सुती पोटलीने पातळ हात द्यायचे. सहा, आठ, लागतील तितके. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम हातात घेऊ नका. हवेतला ओलावा पॉलिशमध्ये अडकतो आणि वर पांढरट ढग येतो. आजकाल पीयू (पॉलियुरेथेन) मारून चकाकी आणतात; जुन्या वस्तूची निम्मी किंमत त्या चकाकीतच जाते, आणि ते खरवडायला मूळ पॉलिशच्या तिप्पट मजुरी.

नाणी आणि तांब्याच्या शिवराया (मराठेशाहीतली नाणी) मात्र पुसायच्याच नाहीत. चिंच नाही, पितांबरी नाही, काही नाही. घासलेली शिवराई नाणी जमवणारे हातात घेऊन परत ठेवतात.

पगडीवाला

राहिलं भांडवल, तेवढं सांगतो. वर जी विक्री मांडली तिच्यातला बारीक माल दीड महिन्यात फिरतो, मधला सहा महिन्यांत, मोठा वर्षभराने. म्हणजे बारीक मालात ३० हजार अडकतात, मधल्यात १ लाख ३२ हजार, मोठ्यात २ लाख १० हजार. एकूण पावणेचार लाखांच्या आसपास, वर सरसकट माल उचलायला लाखभर रोख. आता नफा बघा: बारीक माल ३० हजारांवर महिन्याला २० हजार देतो, मोठा २ लाख १० हजारांवर साडेसतरा. बुडणारी दुकानं बहुतेक मोठ्या मालात बुडतात. मालकाला वस्तू आवडायला लागते, कपाटं-पलंग घेत सुटतो, जागा भरते, मग गोदाम भाड्याने घेतो, आणि तिथेच संपतं. वर्षभर न हललेली मोठी वस्तू आपल्याला जेवढ्याला पडली तेवढ्यालाच काढायची.

महिने सारखे नसतात. पावसाळा मंद, पितृपक्षात जवळजवळ काही नाही, दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत वर्षाची कमाई. मंद महिन्यांत खरेदी आणि दुरुस्ती करायची. लोक घरं रिकामी करतात आणि रोख देणारा दुसरा कोणी नसतो.

वस्तूला लावलेल्या पट्टीवर ती कितीला पडली ते लिहिलेलं हवं, गिऱ्हाइकाला न कळेल असं. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या वस्तूचा भाव कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि दुकानात भाचा बसलेला असला तर तो तोट्यात विकतो. ‘सकाळी उठून चहा प्या’ यातली नऊ अक्षरं घ्या: स म्हणजे १, क २, ळ ३, उ ४, ठ ५, न ६, च ७, ह ८, प ९, शून्याला फुली. पट्टीवर ‘कन××’ म्हणजे २,६००. त्याखाली महिना-वर्ष.

तुमच्या त्या चिमणीचं सांगायचं तर ती सरसकट मालात शंभर-सव्वाशेला पडलेली असते. पाचशे सांगतात, दोनशेला मागतात, दोनशे ऐंशीला जाते. मालक पेपरमधून मान वर करत नाही, कारण तशाच अकरा मागे ठेवल्यात. त्यांपैकी चारांच्या काचा तडकलेल्या.

मठार

काचा पुण्यात बोहरी आळीत अजून सुट्या मिळतात, बुडाचा व्यास मोजून न्या.